पातळ तेलाचा पक्ष

दातांच्या डॉक्टरांनी गाडी घेतली तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "अहो, मागे बसायचं कुठे?"

गाडीला मागची सीटच नव्हती. गाडी लालभडक, बुटकी आणि आधी दुसऱ्याने वापरलेली होती. चालू केली की शेजारच्या इमारतीतली कुत्री एका सुरात भुंकायला लागायची. डॉक्टर म्हणाले, "अगं, ही बसायची गाडी नाही. चालवायची गाडी आहे." आणि त्यानंतर जवळपास वर्षभर त्यांनी ती चालवली नाही.

त्याला कारण विकणाऱ्या माणसाचं एक वाक्य. किल्ल्या हातात देताना तो सहज बोलून गेला, "इंजिन दणकट आहे, पण चोखंदळ आहे. तेल तेवढं बघून घाला." दुसऱ्या कुणी मान हलवली असती आणि गाडी काढली असती. पण डॉक्टरांची उभी हयात केसाएवढ्या फटी बुजवण्यात गेलेली. 'बघून घाला' म्हटल्यावर ते बघायला बसले.

आधी एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक टकला गृहस्थ दोन चंचुपात्रांतून तेल ओतत होता. मग त्याला मूर्ख ठरवणारा दुसरा व्हिडिओ पाहिला, मग दोघांनाही विकाऊ म्हणणारा तिसरा. तिथून ते अशा गाड्यांच्या मालकांच्या एका ऑनलाइन मंचावर पोहोचले. तिथे टर्बोतात्या या नावाने लिहिणाऱ्या एका इसमाचा शब्द शेवटचा मानला जाई. त्याच्याकडे गाडी आहे की नाही हे मात्र कुणी विचारत नसे. डब्यावर 'सिंथेटिक' लिहिलेलं असलं म्हणजे आतलं तेल पूर्ण सिंथेटिक असतंच असं नाही, हे टर्बोतात्याकडून कळलं त्या दिवशी डॉक्टरांना जेवण गेलं नाही.

ज्ञान पोटात मावेना, तेव्हा ते पेशंटांच्या वाट्याला आलं. पेशंट खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, वर दिवा. आणि डॉक्टर हातातलं यंत्र थांबवून सांगायचे, "झिरो डब्ल्यू फोर्टी म्हणजे काय, तर गार इंजिनातही पटकन पळतं आणि तापल्यावरही अंगातला दम सोडत नाही. फाइव्ह डब्ल्यू फिफ्टी त्याहून घट्ट. आता घट्ट म्हणजे चांगलं असा लोकांचा गैरसमज. पटतंय ना? नसेल पटत तर डावा हात वर करा." एका पेशंटने खरंच हात वर केला. त्याला दुखत होतं. डॉक्टरांनी त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

अखेर एके सकाळी निर्णय झाला. पातळ. झिरो डब्ल्यू फोर्टी. ते स्वयंपाकघरात आले तेव्हा चेहरा असा उजळला होता की बायकोला वाटलं, लेकीचं कुठेतरी जमलं.

गंमत म्हणजे लेकीचंही जमलेलंच होतं. त्याच आठवड्यात तिने सांगितलं. मुलगा पुलांचं डिझाइन करणारा, कामापुरतं बोलणारा. त्याच्या वडलांचा गाद्यांचा कारखाना. आई कोर्टात स्टेनोग्राफर होती, आता निवृत्त.

"गाद्या?" डॉक्टर म्हणाले. "मग बोलायचं काय त्यांच्याशी?"

"काही बोलू नका," बायको म्हणाली. ती पोहण्याची कोच होती आणि घरातही तिचा आवाज तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत जाईल असाच असे. "हसा, चहा घ्या म्हणा, आणि तेलाचा विषय काढू नका."

मंडळी रविवारी संध्याकाळी यायची होती. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर अवघडून बसले होते. एवढ्यात खाली रस्त्यावर एक घरघर उठली आणि शेजारची कुत्री भुंकायला लागली. डॉक्टर ताडकन उठले. तो आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. स्लिपरांनिशी चार-चार पायऱ्या उतरत ते खाली गेले, तर फाटकाशी एक पिवळीधमक गाडी उभी. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच इंजिन. आतून एक गोल, घामाघूम गृहस्थ वाकडे-तिकडे होत बाहेर पडत होते. तेच गादीवाले. बायको आणि चिरंजीव मागून टॅक्सीने येत होते, कारण पिवळीलाही मागची सीट नव्हती.

"तुमच्याकडेही?" गादीवाले लाल गाडीकडे बघत ओरडले.

"तुमच्याकडेही!" डॉक्टर म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

वर चहा गार होत होता. खाली दोन्ही गाड्यांची बॉनेट उघडी होती आणि दोन्ही बाप त्यांत कमरेपर्यंत वाकले होते. पोरांचं लग्न तिथल्या तिथे ठरल्यातच जमा होतं. मग डॉक्टरांनी, अगदी प्रेमाने, विचारलं, "तेल कोणतं घालता?"

"फाइव्ह डब्ल्यू फिफ्टी," गादीवाले म्हणाले. मुलाचा परीक्षेतला नंबर सांगावा तशा सुरात.

डॉक्टरांचा चेहरा पडला. इतक्या चांगल्या घरातल्या माणसाच्या दाढेत एवढा मोठा खड्डा सापडावा!

"घट्ट आहे ते," ते जपून म्हणाले.

"म्हणून तर घालतो. तुम्ही?"

"झिरो फोर्टी."

गादीवाले हसले. ते हसले नसते तर पुढचं बरंच टळलं असतं. "डॉक्टर, टर्बो तापून लाल होतो, तिथे तुमचं हे सरबत टिकायचं का?"

"आणि सकाळी गार इंजिन सुरू करताना तुमचं डांबर वरपर्यंत चढायचं कधी? दुपारी?"

"डांबर?"

"सरबत?"

दोघांनी आपापल्या गाडीतून कंपनीचं माहितीपुस्तक काढलं. दोघांनी उघडलेलं पान एकच होतं. त्यात स्वच्छ छापलं होतं की हवामान पाहून या दोहोंपैकी कोणतंही तेल चालेल. "बघा!" असं दोघेही एकदमच म्हणाले.

जेवणाच्या टेबलावर कुणी कुणाकडे बघेना. "झालं तरी काय?" डॉक्टरांच्या बायकोने विचारलं. ती भानगड वरून खिडकीतून बघणाऱ्या विहीणबाईंनी, कोर्टात इतकी वर्षं काढलेली असल्याने, सगळा संवाद शब्दशः म्हणून दाखवला. 'सरबत' आणि 'डांबर' या शब्दांपाशी त्या जराशा थांबल्या. एवढंच त्यांचं मत.

लग्नाच्या ठरवाठरवीसाठी मोबाइलवर दोन्ही घरांचा एक ग्रुप केला होता. त्यात साड्यांचे आणि हॉलचे फोटो यायचे, ते बंद होऊन आलेख यायला लागले. डॉक्टरांची बहीण पातळ पक्षात गेली. तिच्याकडे सायकलही नव्हती, पण भाऊ म्हणेल ते खरं. गादीवाल्यांचा अख्खा कारखाना घट्ट पक्षात होता, कारण पगार तिथून मिळायचा. एका मावसभावाने दोन्ही तेलं अर्धी-अर्धी मिसळायची सूचना केली. त्याला दोन्ही पक्षांनी मिळून ग्रुपमधून काढून टाकलं. चार महिन्यांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

खरी पंचाईत तारखेची. डॉक्टरांच्या बायकोने थंडीतला मुहूर्त सुचवला, तर गादीवाले नाही म्हणाले. लग्नाच्या दिवशी सकाळी गारठ्यात पिवळी सुरू व्हायला कुरकुरली, तर डॉक्टर चारचौघांत काय म्हणतील ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. उन्हाळ्यातली तारीख काढली, तर डॉक्टरांनी मान फिरवली; उन्हाळा हा सरळसरळ घट्ट तेलाच्या बाजूचा ऋतू. पावसात लग्न करायला तरुण मंडळी तयार नव्हती. वर्षाला चौथा ऋतू कुठून आणायचा?

"बाबा," लेक एक दिवस दवाखान्यातच येऊन उभी राहिली, "मला लग्न करायचंय. इंजिन बांधायचं नाहीये."

"अगं, प्रश्न तेलाचा नाही. तत्त्वाचा आहे."

"तत्त्व केवढ्याच्या डब्यात येतं?"

खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच हसला.

तोडगा काढला त्या अबोल मुलाने. शहराबाहेर गाड्यांच्या शर्यतीचा एक ट्रॅक होता, तो तासांच्या हिशोबाने भाड्याने मिळायचा. दोन्ही गाड्यांना मोजणारी उपकरणं लावायची, एकाच वेळी एकाच ट्रॅकवर पळवायच्या, तेलाचं तापमान आणि दाब बघायचा. ज्याचं तेल सरस ठरेल त्याचं म्हणणं दुसऱ्याने मान्य करायचं आणि नंतर जन्मात हा विषय काढायचा नाही. दोन्ही बाप एका पायावर तयार झाले. हरण्याची शक्यता दोघांपैकी एकाच्याही मनात नव्हती.

त्यासाठी डॉक्टरांनी तेल स्वतः बदलायचं ठरवलं.

"गॅरेजमध्ये द्या ना," बायको म्हणाली.

"गॅरेजवाला कोणत्या पक्षाचा आहे, मला काय माहीत?"

त्यांनी पार्किंगमध्ये दवाखान्यातली हिरवी चादर अंथरली. हातमोजे चढवले, कपाळाला दिवा बांधला, डोळ्यांवर दाढा बघायची भिंगं लावली आणि गाडी उचलून ठोकळ्यांवर टेकवून तिच्याखाली सरपटत गेले. जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत गाळलं. जुना फिल्टर फिरवून काढला, नवा फिरवून बसवला. डबे फोडून सोनेरी तेल ओतताना त्यांना भरून आलं. गाडी सुरू करून खाली कागद धरला. एक थेंब नाही.

"इतकं स्वच्छ काम," ते बायकोला म्हणाले, "मी माणसाच्या तोंडातसुद्धा केलेलं नाही."

ट्रॅकवर त्या दिवशी ढगाळ हवा होती. ना थंड ना गरम, त्यामुळे हवामानावर तक्रार कुणालाच करता येईना. ट्रॅकच्या व्यवस्थापक बाईंनी केशरी जाकिटाच्या खिशात हात घालून नियम सांगितले. ही शर्यत नाही. कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. झेंडा दिसला की थांबायचं. "छे, छे, शर्यत कसली!" दोघे म्हणाले आणि हेल्मेट घातलं. गादीवाल्यांचं हेल्मेट पिवळं होतं.

नाणं उडवून लाल गाडी पुढे लागली. पहिले काही फेरे दोघे अगदी शहाण्यासारखे चालले. मग डॉक्टरांनी आरशात पाहिलं, तर पिवळी जरा जास्तच जवळ आलेली. त्यांनी पाय थोडा दाबला. गादीवाल्यांनीही दाबला. पुढच्या वळणाला डॉक्टरांनी आणखी दाबला, आणि गाडी अशी काही झेपावली की त्यांची पाठ सीटला चिकटली.

असं त्यांनी कधी अनुभवलंच नव्हतं. वर्षभर ही गाडी त्यांनी पुसली होती, तिच्याबद्दल वाचलं होतं, तिच्यावरून ते भांडले होते. पण ती अशी पळते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वळण समोर यायचं, गाडी रस्त्याला धरून आत शिरायची आणि पलीकडे सुटली की छातीतून आपोआप एक आरोळी निघायची. छप्पन्न वर्षांचा माणूस हेल्मेटच्या आत एकटाच खदाखदा हसत होता. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात तेल नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच ते इंजिनातही उरलं नव्हतं.

समोर लाल दिवा लागला. दिव्यावर तेलाच्या बुधलीचं चित्र. डॉक्टरांनी दचकून इंजिन बंद केलं आणि गाडी कडेच्या गवतावर सोडली. मागून निळसर धूर येत होता. गाडीमागे ट्रॅकवर लांबच लांब चकचकीत पट्टा उमटला होता आणि त्या पट्ट्यावरून पिवळी गाडी येत होती. आधी तोंडाने, मग कडेने, मग पाठीने. तिने दोन गिरक्या घेतल्या आणि खडीच्या ढिगात जाऊन फसकन थांबली. प्रेक्षकांच्या बाकांवरून एक कर्कश शिट्टी वाजली. डॉक्टरांच्या बायकोने सवयीने सगळ्यांना पाण्याबाहेर बोलावलं होतं.

गादीवाले धडधाकट बाहेर आले. मूठ वर करून ते ट्रॅकवर उतरले, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला मटकन खाली बसले. त्यांना उचलायला डॉक्टर धावले आणि त्यांच्या शेजारी येऊन आपटले. गादीवाल्यांनी जमिनीवर बोट फिरवलं. मग अंगठ्याने ते चोळून पाहिलं. एकदा, पुन्हा एकदा.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "हेच का ते?"

"झिरो डब्ल्यू फोर्टी," डॉक्टर म्हणाले. अशा प्रसंगी अभिमान वाटणं बरं नव्हे हे त्यांना कळत होतं, पण वाटला.

"काय घसरतं हो!"

"तेच तर सांगत होतो."

व्यवस्थापक बाई जीपमधून आल्या. त्यांनी लाल गाडीखाली वाकून पाहिलं, हात घातला आणि रबराची एक काळी रिंग ओढून काढली. मग तिच्यामागून दुसरी. नवा फिल्टर लावताना जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती, त्यामुळे एकीवर एक बसून दोन्ही सैल झाल्या होत्या. सावकाश चालवेपर्यंत धरून राहिल्या. दाब चढला तशा निसटल्या.

डॉक्टरांनी रिंगा हातात घेऊन बघितल्या. "कवळीवर कवळी बसवली मी," ते पुटपुटले.

"दुपारी मोटारसायकलवाले येणार आहेत," बाई म्हणाल्या. "त्याआधी हे सगळं निघालं पाहिजे. ज्याने सांडलं त्याने पुसायचं, असा इथला नियम आहे." जीपमधून लाकडाच्या भुशाची पोती उतरली. वर दोन झाडू.

"मी कुठे सांडलं?" गादीवाले म्हणाले.

"तुम्ही पसरवलंत."

तर मग दोघे व्याही शर्यतीचे सूट घालून ट्रॅकवर भुसा पेरू लागले. एकाने ओतायचा, दुसऱ्याने पायाने दाबायचा, मग दोघांनी झाडायचा. बायका आणि मुलं थोडा वेळ बाकांवर बसून बघत होती. मग विहीणबाईंना ऊन लागतं असं काहीतरी कारण निघालं, ढगाळ हवेत, आणि चौघं टॅक्सीने निघून गेली. दोन गाड्या, दोन बाप आणि कधीतरी येणारा टोइंगचा ट्रक, एवढंच मागे राहिलं.

पहिलं पोतं संपलं, दुसरं फोडलं.

"डॉक्टर, एक सांगू?" गादीवाले झाडूवर रेलले. भुवयांवर भुसा होता. "त्या पहिल्या संध्याकाळी तुम्ही झिरो फोर्टी म्हणालात ना, तेव्हा माझ्या मनात आलं होतं, असेलही. मला कुठे एवढं कळतं? गॅरेजवाला घालतो ते मी सांगितलं."

"मग हसलात कशाला?"

"मुलीचा बाप समोर, पहिलीच भेट. तिथेच माघार घेतली असती तर पुढची वीस वर्षं तुमचंच ऐकावं लागलं असतं."

डॉक्टरांना हे इतकं पटलं की त्यांना राग येईना. तेही त्याच कारणाने अडून बसले होते. ते खाली बसून एका भेगेतलं तेल बोटाने कोरून काढू लागले. दाढ साफ करायची सवय.

"मीही एक सांगतो," ते वर न बघता म्हणाले. "घरात या विषयावर माझ्याशी कुणी बोलत नाही. पेशंट बोलू शकत नाहीत. मंचावरचे लोक कोण आहेत, देव जाणे. तुम्ही माझ्या तेलाला डांबर म्हणालात..."

"सरबत. डांबर तुम्ही म्हणालात."

"तेच. पण तुम्ही रोज उत्तर द्यायचात. सकाळी उठलो की आधी बघायचो, तुमचं काही आलंय का."

"रात्री जागून शोधायचो मी ते आलेख," गादीवाले म्हणाले. "अर्धे मलाच कळायचे नाहीत."

"ते दिसत होतं."

गादीवाले मोठ्याने हसले. या वेळी डॉक्टरांना ते लागलं नाही. त्यांनी हात पुढे केला आणि गादीवाल्यांनी तो धरून त्यांना उभं केलं, पाय फाकवून, जपून.

"तारीख धरून टाकू," डॉक्टर म्हणाले. "थंडीत तर थंडीत."

"उन्हाळ्यात का नाही? तुम्ही म्हणाल तसं."

"नाही, नाही, तुम्ही म्हणाल तसं."

यावरही थोडी ओढाताण झाली, पण ती सौम्य होती. शेवटी थंडी ठरली. ही गोड बातमी ताबडतोब कळवावी म्हणून डॉक्टरांनी तेलकट बोटांनी बायकोला फोन लावला. पाठीमागे चमच्यांचा, हसण्याचा आवाज येत होता. चौघं कुठेतरी जेवायला बसली होती.

"अगं, ऐक. आम्ही दोघांनी बसून ठरवलंय. थंडीत करून टाकू."

"बरं झालं," बायको म्हणाली. "हॉल गेल्याच आठवड्यात धरलाय. थंडीतलाच."

"मग... मग हे ट्रॅकचं कशाला होतं?"

"अहो, नाहीतर तुम्ही दोघं हॉलमध्ये पळवल्या असत्या गाड्या. जेवलात का? नसाल तर तिथे कँटीन आहे म्हणतात. ठेवते, विहीणबाई काहीतरी सांगतायत."

फोन बंद झाला. गादीवाले आशेने बघत होते. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं. गादीवाल्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, झाडू उचलला आणि राहिलेल्या तुकड्यावर मूठभर भुसा टाकला.

"हॉल कोणता?" त्यांनी विचारलं.

"विचारलं नाही."

"पार्किंग आहे का, तेवढं बघायला सांगा."